यकृतनगरीचा दिंडी दरवाजा

मुलांनो, सुट्टी लागली की कुणी मामाच्या गावाला जातं, कुणी महाबळेश्वरला, कुणी कोकणात समुद्रावर. आज मी तुम्हाला अशा गावाला नेणार आहे, जिथं एसटी जात नाही, रेल्वे जात नाही आणि तिकीटही लागत नाही. गाव लांब नाही बरं का. उजवा हात उजव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांवर ठेवा बघू. ठेवलात? त्या बरगड्यांच्या आत हे गाव वसलंय. यकृत त्याचं नाव. मटणाच्या दुकानात ज्याला कलेजी म्हणतात ना, ते हेच. आणि गंमत ऐका. ‘काळीज धडधडलं’ म्हणताना आपण छातीवर हात ठेवतो. पण जुन्या शब्दकोशांत काळीज या शब्दाचा अर्थ यकृत असाही दिलेला आहे. म्हणजे हात जरा खाली यायला हवा!

मोठ्या माणसाचं यकृत साधारण दीड किलो भरतं. शरीराच्या आतल्या अवयवांत एवढा मोठा दुसरा नाही. दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त या गावातून वाहत जातं. ते दोन रस्त्यांनी येतं. एक रस्ता हृदयाकडून आणि दुसरा आतड्यांकडून. आतड्याचा रस्ता जास्त गजबजलेला, कारण गावात येणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ पाऊण हिस्सा तिकडूनच येतो. तुम्ही खाल्लेल्या पोळीभाजीतली साखर आणि इतर पोषक द्रव्यं याच रस्त्यानं आधी यकृतात जातात. बाजारात माल जाण्यापूर्वी मोंढ्यात उतरावा, तसं.

आपणही त्याच रस्त्यानं जाऊ. पण त्यासाठी लहान व्हायला हवं, आणि नुसतं मुंगीएवढं होऊन भागणार नाही. आपल्या पट्टीवरचा एक मिलिमीटर घ्या. त्याचे दहा लाख भाग करा. त्यातल्या एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. आपण तशा एक-दोन नॅनोमीटरचे होऊ आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाशी उभे राहू. तिथं एक मोठा जथा परतीच्या वाटेवर निघालेला दिसेल. हे आहेत पित्तक्षार. यकृतातच त्यांचा जन्म होतो. पित्ताबरोबर ते आतड्यात उतरतात, तुपातेलाचे बारीक बारीक थेंब करून ते पचवायला मदत करतात आणि काम संपलं की घरी परततात. शंभरातले सुमारे पंचाण्णव परततात! दिवसातून सहा ते दहा वेळा अशी ये-जा चालते. शरीर किती काटकसरी आहे बघा. सगळे मिळून पित्तक्षार अवघे काही ग्रॅम, पण तेच ते पुन्हा पुन्हा वापरायचे.

चला, जथ्यात शिरू. शिरेतून वाहत वाहत आपण यकृतात पोचलो. इथली वस्ती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी आहे. सहा कोनांच्या, मिलिमीटर-दीड मिलिमीटर रुंदीच्या आळ्या एकमेकींना लागून. प्रत्येक आळीत मध्याकडे जाणाऱ्या अरुंद गल्ल्या आणि गल्ल्यांच्या दोन्ही अंगांना यकृतपेशींची घरं. गल्लीत पहारेकरीसुद्धा आहेत. कुप्फर पेशी म्हणतात त्यांना. रक्ताबरोबर एखादा जिवाणू आला, की त्याला चक्क गिळून टाकतात! गल्लीच्या भिंतींना भोकं आहेत, शंभर नॅनोमीटरच्या आसपास रुंदीची. रक्तातल्या तांबड्या पेशी त्यातून जाऊ शकत नाहीत, त्या गल्लीतच राहतात. पण रक्तातलं पाणी आणि त्यात विरघळलेलं सारं त्या भोकांतून पलीकडं थेट घरांच्या अंगणात झिरपतं. आपणही झिरपलो. आता समोर यकृतपेशीची भिंत.

तुम्ही पुण्याला शनिवारवाडा पाहिला असेल, तर त्याचा दिल्ली दरवाजा आठवा. त्या अवाढव्य दारातच एक छोटं दार आहे, वाकून जावं लागेल असं. त्याला दिंडी दरवाजा म्हणतात. मोठं दार बंद असलं तरी रोजची ये-जा त्या छोट्या दारानं चालायची. यकृतपेशीच्या भिंतीतही असाच एक दिंडी दरवाजा आहे. तो लाकडाचा नाही, प्रथिनाचा आहे. ३४९ अमिनो आम्लांचे मणी ओवलेली ही एकच माळ पेशीच्या पातळ आवरणातून नऊ वेळा आत-बाहेर विणलेली असते. त्या विणीच्या मध्ये एक पोकळी राहते. पित्तक्षार आला, की त्याच्याबरोबर सोडियमचे दोन कण आत घ्यायचे आणि बाहेरची बाजू मिटून आतली उघडायची, असं या दाराचं काम. शास्त्रज्ञांनी त्याला ‘सोडियम टॉरोकोलेट कोट्रान्सपोर्टिंग पॉलिपेप्टाइड’ असं नाव दिलंय. म्हणताना जीभ अडखळते, म्हणून ते स्वतःही नुसतं एनटीसीपी म्हणतात. आपण दिंडी दरवाजाच म्हणू.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हा दरवाजा यकृतपेशीच्या फक्त पुढच्या, रक्ताकडच्या बाजूला असतो. मागच्या बाजूला पित्ताची नाली आहे, तिकडं वेगळं परसदार. आणि शरीरात इतरत्र, म्हणजे फुप्फुसात, मेंदूत किंवा पायाच्या स्नायूत, पेशींना हा दरवाजा सहसा नसतोच. पित्तक्षारांचं तिथं काय काम?

आता अंगणात जरा थांबू. रक्ताबरोबर एक पाहुणा आलाय, पण तो न बोलावलेला. गोल चेंडूसारखा, ४२ नॅनोमीटरचा. असे जवळजवळ चोवीस हजार चेंडू शेजारी शेजारी मांडले, तर कुठं एक मिलिमीटर भरेल. हा हिपॅटायटिस बी या आजाराचा विषाणू. हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज. ती आणणारे मुख्य विषाणू पाच आणि त्यांची नावं ए, बी, सी, डी, ई. नाव देणाऱ्यांनी फार डोकं चालवलेलं दिसत नाही! यातले ए आणि ई दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातात. पावसाळ्यात गावात काविळीची साथ येते ती बहुधा यांची. बी, सी आणि डी मात्र मुख्यतः रक्तातून जातात. न तपासलेलं रक्त, एकाची सुई दुसऱ्याला, एकाचा वस्तरा दुसऱ्याला, जत्रेत एकाच सुईनं दहाजणांच्या हातावर गोंदणं किंवा आजारी आईकडून जन्माच्या वेळी बाळाला.

समजा, सुई दंडाला लागली आणि विषाणू रक्तात शिरला. रक्त त्याला हृदयात नेतं, मग फुप्फुसात, मेंदूत, पायाच्या बोटापर्यंत. सारं शरीर फिरतो तो. तरी बिऱ्हाड करतो फक्त यकृतात. असं का? हा प्रश्न शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं छळत होता.

काय घडतं ते आपण अंगणात उभं राहून पाहू. विषाणू भिंतीवरच्या भोकातून सहज आत आला. पेशीच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांची लव असते. तिला तो आधी सैलसा चिकटला, कपड्याला गोखरू चिकटतं तसा. मग चाचपडत चाचपडत दिंडी दरवाजापाशी आला. त्याच्या अंगावर एक लांबट टोक आहे आणि टोकाला स्निग्ध आम्लाची शेपटी. ते टोक त्यानं दाराच्या पोकळीत अडकवलं. घट्ट!

तुम्ही म्हणाल, आता तो दारातून आत गेला. छे! इथंच तर खरी गंमत आहे. दाराची पोकळी पित्तक्षारापुरती. ४२ नॅनोमीटरचा चेंडू तिच्यातून जाईलच कसा? त्यानं फक्त कडी पकडली. मग पेशीच्या आवरणातली आणखी काही प्रथिनं मदतीला आली आणि ते आवरणच आतल्या बाजूला दबलं. आई पुरणाचा गोळा कणकेच्या पारीत ठेवून पारीचं तोंड मिटते ना, तसं आवरण विषाणूभोवती मिटलं आणि सगळा उंडा आत गेला. म्हणजे ना दार फुटलं, ना भिंत पडली. पेशीनं आपल्या हातानं त्याला आत घेतलं.

आत गेल्यावर तो बाहेरचा कोट उतरवतो आणि आपला डीएनए पेशीच्या केंद्रकात पोचवतो. सुमारे ३२०० अक्षरांची त्याची ही पोथी. माणसाच्या पोथीत तीनशे कोटी अक्षरं असतात, यावरून तुलना करा. केंद्रकात तिची दोन टोकं जुळून एक बंद कडं तयार होतं. पेशी ते आपलंच समजून वाचते आणि नवे विषाणू बनवत बसते. आज मिळणारी औषधं विषाणूंचं हे उत्पादन चांगलं रोखतात, पण ते कडं पुसून टाकणं क्वचितच जमतं. त्यामुळे पुष्कळांना औषध वर्षानुवर्षं घ्यावं लागतं.

नवल म्हणजे विषाणू स्वतः पेशीची फारशी मोडतोड करत नाही. आपल्या शरीराचं सैन्य त्याला ओळखतं आणि विषाणू असलेल्या पेशींवर तुटून पडतं. त्यातून यकृत सुजतं. मोठ्या माणसाचं सैन्य बहुधा ही लढाई जिंकतं, लागण झालेल्या शंभर मोठ्या माणसांपैकी पाचांपेक्षा कमी जणांत विषाणू कायमचा राहतो. पण नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं सैन्य अजून शिकाऊ असतं. त्याला हा परका वाटतच नाही. अशा दहा बाळांपैकी नऊ बाळांत विषाणू ठाण मांडतो. बाळ हसतं, खेळतं, शाळेत जातं. वीस-तीस वर्षांनी एखाद्याचं यकृत दगडासारखं कडक होतं, एखाद्याला यकृताचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोकांच्या शरीरात हिपॅटायटिस बी कायमचा वस्तीला होता, आणि त्यातल्या बहुतेकांना ते ठाऊकही नव्हतं.

यकृत आजारी पडलं, की रक्तातला एक पिवळा पदार्थ नीट बाहेर टाकता येत नाही. तो डोळ्यांत आणि कातडीत दिसू लागतो. हीच कावीळ. काविळीच्या माणसाला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, पण तसं काही नसतं. तो आपल्याला पिवळा दिसतो! आमच्या शाळेत दरवर्षी एखादं मूल काविळीची माळ घालून येतं. माळ रोज वाढते आणि कावीळ उतरते, असं आजी सांगते. ती माळ बारीक ओल्या काटक्यांच्या गाठी मारून केलेली असते. काटक्या सुकल्या, की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. खुंटीला टांगली तरी लांबेल. ए किंवा ई प्रकारची कावीळ बहुतेकदा विश्रांतीनं आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळतं. पण आत बी असला, तर माळेच्या नादात रक्त तपासायचं राहून जातं, ते वाईट.

बरं, हा दिंडी दरवाजा शोधला कुणी? त्यासाठी आपल्याला पित्ताच्या नालीतून परसदारानं बाहेर पडून पुन्हा मोठं व्हायला हवं, आणि थेट चीनची राजधानी बीजिंगला जायला हवं. हिपॅटायटिस बीचा पहिला माग अमेरिकेच्या बारूख ब्लूमबर्ग यांना १९६०च्या दशकात लागला होता. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना विषाणूच्या कोटाचा अंश मिळाला. १९७६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. लस तयार झाली. पण विषाणू आत शिरतो कुठून, हे काही केल्या कळेना. प्रयोगशाळेत वाढवलेल्या यकृतपेशींवर विषाणू ओतला, तरी पेशी ढिम्म! त्यांना लागणच होत नसे. उंदरालाही होत नसे. मग पाहायचं कुणात?

बीजिंगच्या राष्ट्रीय जीवविज्ञान संस्थेत ली वेनहुई नावाचे शास्त्रज्ञ आहेत. दारं शोधण्यात त्यांचा हात आधीच बसलेला होता. २००३ मध्ये सार्सचा विषाणू कोणत्या दारानं पेशीत शिरतो, हे शोधणाऱ्या अमेरिकेतल्या गटात ते होते. त्या दाराचं नाव एसीई-२. तुम्हाला टाळेबंदीत घरी बसवणारा २०१९ सालचा कोरोना विषाणूही पुढे त्याच दारानं शिरला! २००७ मध्ये ली चीनला परतले आणि हिपॅटायटिस बीच्या मागे लागले. त्यांनी मदतीला घेतला एक इवलासा प्राणी. टुपाया त्याचं नाव. दिसायला खारीसारखा, तोंड चिचुंद्रीसारखं लांबट. मलय भाषेत खारीला ‘तुपाइ’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. आपल्या देशातल्या डोंगरांतही त्याचा एक भाऊबंद राहतो. या टुपायाच्या यकृतपेशींना हिपॅटायटिस बीची लागण होते, हे माहीत होतं. म्हणजे त्यांना तसाच दरवाजा असणार.

मग मासेमारी सुरू झाली म्हणा ना. विषाणूच्या अंगावरचं ते लांबट टोक आठवतं? तेवढंच टोक ली यांच्या गटानं प्रयोगशाळेत बनवलं. हे झालं आमिष. त्यात एक खास मणी बसवला, अतिनील प्रकाश पडला की शेजारच्या वस्तूला कायमचा चिकटणारा. शिवाय ओढून काढायला एक हुकासारखा रेणू. आमिष पेशींवर सोडलं. त्यानं दार पकडलं, की प्रकाश टाकायचा आणि चिकटलं, की ओढायचं. गळाला जे लागलं ते यंत्रावर तपासलं, तर निघाला पित्तक्षारांचा दिंडी दरवाजा! शरीरशास्त्राला हा दरवाजा आधीपासून ठाऊक होता. फक्त हा चोरही तिथूनच शिरतो, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

पण एवढ्यावर शास्त्रज्ञ विश्वास ठेवत नाहीत. ज्या पेशींना लागणच होत नसे, त्यांच्यात या दाराचं जनुक घातलं. आणि काय आश्चर्य! त्यांना लागण होऊ लागली. उलट, लागण होणाऱ्या पेशींतलं दार कमी केलं, तर लागणही कमी झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. मकाक जातीच्या माकडाचं दारही त्यांनी तपासलं. (देवळाबाहेर आपल्या हातातलं केळं पळवणारी लाल तोंडाची माकडं याच कुळातली.) त्याचं दार आपल्यासारखंच, पण ३४९ मण्यांच्या माळेतला १५८ वा मणी वेगळा. तेवढ्यानं विषाणूचं टोक तिथं नीट बसत नाही. एका मण्यावर माकडाचा बचाव!

आणखी एक लबाड याच दारानं येतो, हिपॅटायटिस डी. इटलीतल्या तुरीनमध्ये १९७७ साली त्याचा शोध लागला. याच्याकडं स्वतःचा कोटच नाही. तो बीचा कोट उसना घेऊन हिंडतो आणि बी असेल तिथंच वाढतो. दोघं मिळून आले, की आजार फार गंभीर होतो. सी मात्र वेगळ्या दारांनी येतो, आणि त्याला एका मागोमाग अनेक प्रथिनं लागतात. ती सफर पुन्हा कधीतरी.

कुलपात किल्लीचं मोडकं टोक अडकलं, तर काय होतं? दुसरी किल्ली जात नाही. जर्मनीतल्या हायडेलबर्ग इथल्या श्टेफान उर्बान यांनी नेमकी हीच युक्ती केली. विषाणूच्या टोकासारखाच ४७ मण्यांचा तुकडा त्यांनी औषध म्हणून तयार केला. तो दाराला जाऊन बसतो आणि विषाणूला जागाच उरत नाही. बुलेव्हिर्टाइड हे त्याचं नाव. हिपॅटायटिस डीसाठी २०२० मध्ये युरोपात त्याला मंजुरी मिळाली. रोज कातडीखाली इंजेक्शन घ्यावं लागतं.

तुमच्यातल्या एखाद्या हुशार मुलीच्या मनात आलंच असेल, की दार अडवलं तर बिचाऱ्या पित्तक्षारांचं काय? बरोबर आहे. ते रक्तात साचतात, तपासणीत वाढलेले दिसतात. पण यकृताला आणखी काही छोटी दारं आहेत, त्यांतून थोडे आत जातात. २०१५ मध्ये तर डॉक्टरांनी एका अशा मुलाची नोंद केली, ज्याच्या यकृताला जन्मापासून हे दार कामाचं नव्हतं. रक्तात पित्तक्षार प्रचंड, पण त्यामानानं मूल बरंच ठीक होतं. दार अडवण्याचं धाडस डॉक्टरांना करता येतं, ते यामुळेच.

आपल्यासाठी मात्र याहून स्वस्त आणि सोपा उपाय आहे, तो म्हणजे लस. लसीत विषाणूच्या कोटाचा फक्त एक तुकडा असतो, जिवंत विषाणू नसतो. तो पाहून शरीराचं सैन्य तयार होतं आणि खरा विषाणू आला, की दारापर्यंत पोचण्याआधीच त्याला धरतं. बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत पहिली लस द्यायची, कारण आईकडून विषाणू आलाच असेल, तर त्याच्या आधी सैन्य जागं व्हायला हवं. आपल्या सरकारी लसीकरणात ही लस २०११ पासून देशभर आहे. आईनं तुमचं लसीकरणाचं कार्ड जपून ठेवलं असेल, तर ते मागून घ्या आणि त्यात हिपॅटायटिस बीचा जन्मतः दिलेला डोस कुठं लिहिलाय ते शोधा. सापडला नाही, तर आईबाबांनी डॉक्टरांना विचारावं. लस नंतरही घेता येते.

आणि आईबाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. एखाद्या मुलाच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे असं कळलं, की त्याला वेगळ्या बाकावर बसवणं, त्याच्या डब्याला हात लावू न देणं, असले प्रकार होतात. आता तुम्ही यकृतनगरी हिंडून आला आहात. या विषाणूचा दरवाजा यकृतपेशीच्या अंगणात आहे आणि तिथवर तो रक्ताच्या वाटेनं जातो. शेजारी बसून, हातात हात घालून, एका ताटात जेवून तो जात नाही. टूथब्रश, वस्तरा, नखं कापायचं यंत्र मात्र ज्याचं त्याचं वेगळं हवं, आणि मैदानावर कुणाचाही गुडघा फुटला, तर रक्त उघड्या हातानं पुसायचं नाही. डब्यातली मेथीची भाजी खुशाल वाटून खावी. हात तेवढे धुतलेले असू द्यात, कारण ए आणि ई यांची वाट तोंडातूनच जाते.